मारोतीची संथ नाडी

बातमी आली तेव्हा मी कॉलेजच्या मैदानावर फक्कीनं लेन आखत होते. तालुक्याच्या शालेय स्पर्धा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायच्या होत्या. मुलं नेहमीप्रमाणे रेघ वाकडी मारत होती आणि मी नेहमीप्रमाणे त्यांच्या हातातून फक्कीचं डबडं काढून घेतलं होतं. फोन अग्निशमन दलाच्या ड्रायव्हरचा, गफारभाईंचा होता. बंबाच्या घरघराटात आयुष्य गेल्यामुळे गफारभाई फोनवरही ओरडूनच बोलतात. त्या दिवशी त्यांचा आवाज इतका खाली होता की मला पुन्हा विचारावं लागलं. गोदाकाठच्या एका मळ्यात ऊस पेटला होता. आग आटोक्यात आली, पाईप गुंडाळून झाले, मारोती बांधावर लिंबाच्या सावलीत बसला, त्यानं पाणी मागितलं... आणि पाणी येईपर्यंत तो एका अंगावर कलंडला. "मॅडम, दादा गेले," गफारभाई म्हणाले.

मला रडू आलं नाही. मी चक्क भांडले. म्हटलं, शक्य नाही, तुमच्या अख्ख्या दलात त्याच्याइतकं चांगलं हृदय कुणाचं नाही, त्याला चक्कर आली असेल, दवाखान्यात न्या. गफारभाई पलीकडून काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, दुःखानं बोलवत नसेल. त्या गप्प राहण्याचा अर्थ मला पंधरवड्यानं कळला आणि तेव्हापासून मी मारोतीवर रागावलेली आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं अशी आपल्याकडे रीत आहे. चांगलं लिहीनच, कारण चांगलं पुष्कळ आहे. पण राग बाजूला ठेवून लिहिणं मला जमणार नाही आणि त्यालाही ते आवडलं नसतं.

मारोती आणि मी पूर्णेच्या एका शाळेत, एकाच वर्गात होतो. माझे वडील रेल्वेत, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. तो जवळच्या खेड्यातून सायकलवर यायचा. नाव मारोती आणि नोकरी आग विझवायची, त्यामुळे पुढे लोकांना त्याला चिडवायला जन्मभर एकच गंमत पुरली : त्या मारोतीनं लंका पेटवली आणि हा तिच्यामागं पाणी घेऊन धावतोय. शाळेत असताना मात्र तो नुसताच धावायचा. मीही धावायचे, आठशे मीटर. मुलीनं सकाळी रेल्वेच्या मैदानावर एकटीनं पळणं म्हणजे लोकांना तमाशा वाटायचा, म्हणून वडिलांनी अट घातली की सोबत कुणीतरी ओळखीचं पाहिजे. मारोती सोबतीला आला. त्याला माझ्यापुढं सहज निघून जाता आलं असतं, पण तो मुद्दाम अर्धं पाऊल मागं राहायचा आणि मी ढिली पडले की मागून पाय आपटायचा. वेळ मोजायचं कामही त्याचंच. आमचे खेळाचे सर फार प्रेमळ. माझं मन मोडू नये म्हणून ते घड्याळ जरा अलीकडंच थांबवायचे. मारोतीनं तसं एकदाही केलं नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या तोंडावर मी एकदा रडकुंडीला येऊन त्याला म्हटलं, सरांसारखं जरा कमी सांग की. तो घड्याळ पुसत म्हणाला, "सुमे, म्या खोटं सांगितल्यानं मैदान तोकडं होणार हाय का?" मी त्या स्पर्धेत हरले. कितव्या नंबरानं हरणार हे त्यानं आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. पुढं आयुष्यात पुष्कळ मोठी माणसं भेटली, डिग्र्या असलेली, भाषणं करणारी. पण सगळ्यात खरा माणूस कोण असं कुणी विचारलं असतं तर मी डोळे मिटून मारोतीचं नाव घेतलं असतं.

मी शारीरिक शिक्षण शिकले आणि या गावच्या कॉलेजात लागले. मारोती आधीच इथल्या अग्निशमन दलात फायरमन होता आणि पुढं गाडीवरचा मुख्य झाला. चारचौघांत मला मॅडम म्हणायचा आणि कुणी नसलं की सुमे. आमच्या भेटी फार नसायच्या. बाजारात, कुणाच्या लग्नात, कधी बंब धुवायला काढलेला असताना रस्त्यावरच. आमची खरी गाठ पुन्हा पडली ती नगरपालिकेच्या एका अधिकाऱ्यामुळं. ते स्वतः पहाटे पळायला जाणारे होते. बंबावरची माणसं दर वर्षी तपासली पाहिजेत असं त्यांनी मनावर घेतलं आणि ते काम माझ्या गळ्यात टाकलं. मलाही ते पटलं होतं. पाण्यानं भरलेला पाईप ओढत, जाड कपड्यांत, धगीसमोर उभं राहणं हे साधं काम नाही. नाडी घोड्यासारखी उधळते. ज्याचं हृदय तयार नाही त्याला धोका फक्त समोरच्या जाळाचा नसतो.

पहिल्या वर्षीची तपासणी आठवली की अजून हसू येतं. वजन करायचं, पोटाचा घेर टेपनं मोजायचा, मग चरबी मोजायचा चिमटा. हा चिमटा दंडाला, पाठीला, पोटाला लावून कातडीखाली किती चरबी साठलीय ते बघतात, कारण दोन माणसांचं वजन सारखं असलं तरी एकाचं वजन दंडात असतं आणि दुसऱ्याचं ढेरीत. बाईमाणूस पोटाला चिमटा लावणार म्हटल्यावर सगळे लाजून भिंतीला चिकटले. एकानं टेप लागताच श्वास असा आत ओढला की मीच म्हटलं, सोड बाबा, नाहीतर तुझ्यासाठीच बंबाला वर्दी द्यावी लागेल. पुढं येऊन पहिल्यांदा शर्ट काढला तो मारोतीनं. "घ्या मॅडम, सरकारी चरबी हाय," म्हणाला, आणि सगळे सैल झाले. दुसऱ्या वर्षी आणखी मजा. दसऱ्याला बंबाची पूजा करतात तशी या लोकांनी माझ्या सामानाची पूजा करून ठेवलेली. चढ-उतार करायच्या बाकड्याला हार, वजनकाट्यापुढं नारळ आणि चिमट्याच्या दोन्ही टोकांना हळदकुंकू. मी चिमटा धुवायला घेतला तर म्हणे, मॅडम, अपशकुन होईल. हळद तशीच राहू दिली असती तर प्रत्येकाची चरबी हळदीच्या थराइतकी जास्त भरली असती, हे सांगितल्यावर मात्र सगळे आपापले रुमाल घेऊन धावले.

सगळ्यात शेवटी बाकडं. एका ठेक्यावर बाकड्यावर चढायचं, उतरायचं, चढायचं, उतरायचं. थांबलं की लगेच मनगट माझ्या हातात. नाडी जितकी कमी, जितकी लवकर खाली येणारी, तितकं हृदय तयार. यंत्रं आहेत यासाठी, पण माझा विश्वास बोटांवर. त्याआधी मी प्रत्येकाला मोठ्यानं विचारायचे : काही आजार? काही गोळी चालू आहे? मारोतीची पाळी आली की तो दर वर्षी तेच उत्तर द्यायचा, "चहा सोडून कायबी चालू न्हाई." आणि सगळी रांग हसायची. इतक्या जुन्या विनोदाला ही माणसं दर वर्षी इतकी का हसतात, असं मला वाटायचं. वाटायचं आणि मी पुढं जायचे.

एका वर्षी रंगनाथ नावाचा फायरमन बाकड्यावर मधेच थांबला. ओठ निळसर पडले होते. मी अहवालात स्पष्ट लिहिलं की याला गाडीवर पाठवू नये. पालिकेनं त्याला पाण्याच्या टाकीवर व्हॉल्व्ह फिरवायला टाकलं. बंबावरून उतरलेला माणूस गावात कसा होतो ते मी तेव्हा पाहिलं. आधी बंब निघाला की रंगनाथ बाजूच्या फळीवर उभा असायचा आणि शाळेतली पोरं त्याला हात करायची. आता बायका त्याला पाणी का आलं नाही म्हणून झापायच्या. त्यानं माझं नाव टाकलं, अजून टाकलेलंच आहे. मारोतीला मी विचारलं होतं, चुकलं का रे माझं? तो म्हणाला, बरोबर केलंस. मग म्हणाला, "आपल्याला मातर त्या जन्ममृत्यूच्या टेबलावर बसवतील, सुमे. मेलेल्याईची नावं लिवत बसणं आपल्याच्यानं व्हायचं न्हाई." मला ती गंमत वाटली होती. त्याच्या मनात काय शिजायला लागलं, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

नंतरच्या वर्षांत मारोतीचा घेर वाढत गेला, चिमट्यातली चरबीही वाढली, वय तर वाढतच होतं. नाडी मात्र सुधारली! बाकड्यावरून उतरल्यावर इतर पोरांची धडधड माझ्या बोटांवर आदळत असायची आणि मारोतीची आपली संथ, एका लयीत, घाई नसलेल्या माणसानं जिना चढावा तशी. मी चकित व्हायचे आणि मग स्वतःच त्याचं कारण शोधायचे. धावपटू होता ना. लहानपणी कमावलेलं हृदय असं सहजासहजी बिघडत नाही. मी हे वर्गात सांगितलं. परभणीला शिक्षकांच्या एका शिबिरात तर मी त्याचं नाव न घेता त्याचंच उदाहरण दिलं : पोट बघून माणसाला निकालात काढू नका, चरबी वेगळी आणि दम वेगळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मारोतीला हे सांगितलं तेव्हा तो बंबाचा आरसा पुसत होता. "कशाला गावभर सांगायलीस," एवढंच म्हणाला. मला तो विनय वाटला.

तेरवी झाल्यानंतर मी त्याच्या घरी गेले. कमलवहिनी, त्याची बायको, आतल्या खोलीत बसल्या होत्या. पाहुणे पांगले होते. वहिनी कमी बोलणाऱ्या. माझा त्यांचा संबंध मारोतीमार्फतच, पण दर वर्षी तपासणी झाली की त्यांच्याकडून जवसाच्या चटणीचा डबा न चुकता यायचा आणि रिकामा डबा मीही कधी रिकामा पाठवला नाही, इतपत जिव्हाळा होता. त्या उठल्या आणि फडताळातून स्टीलचा गोल डबा काढून माझ्यापुढं ठेवला. त्यात गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. म्हणाल्या, महागाच्या आहेत, टाकवत नाहीत, ओळखीत कुणाला लागत असतील तर न्या. मी पट्टी उजेडात धरली. ते नाव मला पाठ होतं. माझ्या वडिलांना तीच गोळी चालू आहे, पूर्णेला गेले की मीच आणून देते. पहिल्यांदा चिठ्ठी लिहिताना डॉक्टर म्हणाले होते, हिनं नाडी संथ होईल, जिना चढला तरी फार वाढणार नाही, घाबरू नका.

मी ती पट्टी हातात धरून बसले... खोलीत पंखा होता, बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं. एकेक करून सगळी वर्षं माझ्यासमोर आली. बाकडं, मनगट, संथ ठोके, माझं कौतुक, परभणीच्या टाळ्या. मी ज्याला मारोतीचं हृदय समजत होते ती गोळी होती. मनगट माझ्या हातात देऊन तो माझ्या तोंडाकडं बघत उभा राहायचा आणि मी खूश होऊन आकडा सांगायचे. ज्या माणसानं मला एक सेकंद सूट दिली नाही, त्यानं माझ्याच बोटांना दर वर्षी फसवलं होतं.

पण हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी कदाचित आतापर्यंत निवळले असते. मी विचारलं, कधीपासून चालू होत्या? वहिनी म्हणाल्या, रंगनाथभाऊ टाकीवर गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यापासून. छातीत दुखायला लागलं म्हणून दोघं गुपचूप एसटीनं परभणीला गेले होते, गावात कुणाला कळू नये म्हणून. डॉक्टरांनी जड काम बंद सांगितलं. वहिनींनी परतीच्या वाटेवरच विषय काढला की मग आता नोकरीचं कसं. आणि मग त्या माझ्याकडं बघत अगदी सहज म्हणाल्या, "तुमाला तर सगळं म्हाईतच होतं की, ताई. मला म्हणले, सुमीला सांगितलंय, ती म्हणली जपून कर, म्या दर साली बघते. तुमी हाव म्हणून मी बिनघोर होते."

म्हणजे चटणी त्यासाठी होती. मैत्रीची नव्हे, नवऱ्यावर लक्ष ठेवल्याबद्दलची. इतकी वर्षं मी ती भाकरीवर तेल घालून चवीनं खाल्ली.

मी गोळ्या पिशवीत टाकल्या, पाणी प्यायले आणि निघाले. माझ्या गप्प बसण्याला त्यांनी हो समजलं असणार.

दुसऱ्या दिवशी मी तडक बंबाच्या शेडमध्ये गेले. गफारभाई चाकाजवळ बसून होते. मला बघताच उभे राहिले आणि मी काही विचारायच्या आतच त्यांचे डोळे भरले. सगळ्यांना माहीत होतं. एकूण एक. "कसम घातली होती त्याईनं, मॅडम. आमी त्याईला पाईप धरूच देत नव्हताव. पंपावर उभं करायचाव, म्हणायचाव दादा तुमी पाण्याचं बघा." गेली काही वर्षं मारोती आगीपासून लांब, पंपाजवळ उभा दिसायचा तो मोठेपणाचा मान म्हणून, असं गावाला वाटत होतं. तो मान नव्हता, त्याच्या माणसांनी केलेली तजवीज होती. ऊस पेटला त्या दिवशी माणसं कमी पडली, वारा फिरला आणि त्यानं एका पोराच्या हातातला पाईप स्वतःकडं घेतला. गफारभाईंनी अडवलं तर म्हणाला, तू गाडी सांभाळ. चहाच्या विनोदाला ती रांग का हसायची, हेही मला तिथंच कळलं. ते हसू घाबरलेल्या माणसांचं होतं.

मी गफारभाईंना बोलले. फार बोलले. तुम्ही त्याला प्रेमानं पंपावर उभं केलंत, मी त्याला गाडीवरून उतरवलं असतं. तो जन्ममृत्यूच्या टेबलावर बसला असता, मला रोज शिव्या घातल्या असत्या आणि संध्याकाळी घरी गेला असता. रंगनाथ आजही मी दिसले की तोंड फिरवतो. फिरवू दे. फिरवायला तोंड शिल्लक आहे त्याचं. गफारभाई सगळं ऐकून घेत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "तुमी बरोबर हाव. पन दादाला टेबलावर बसलेला बघायची आमची हिंमत न्हाई झाली." मी घरी आले आणि दार आपटलं.

राग कसला आहे ते नीट सांगते. माणसाला आपलं काम सोडवत नाही, हे मी समजू शकते. माझा गुडघा गेला तेव्हा मीही मैदान सोडताना आडव्यातिडव्या सबबी सांगितल्या होत्या. नुसतं लपवलं असतं, तपासणीच्या दिवशी रजा टाकली असती, माझ्याशी भांडला असता, तर मी एवढी दुखावले नसते. त्यानं मला वापरलं. पालिकेला दाखवायला माझी बोटं आणि बायकोला दाखवायला माझं नाव. दोन्हीकडं माझा शब्द चालतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तो शब्द खरा राहावा म्हणून लहानपणी सगळ्यात जास्त कष्ट त्यानंच घेतले होते! आता बाजारात भाजी घेताना बाया विचारतात, मॅडम, तुम्ही तर त्याला पास केलं होतं ना? एक अधिकारी फोनवर नको तितक्या गोड आवाजात बोलले. त्या सगळ्यांना मी उत्तर देऊ शकते, देतेही. माझी अडचण एकच होती, कमलवहिनी.

वहिनींना सांगावं तर त्यांच्याकडं उरलेलं शेवटचं काहीतरी काढून घेतल्यासारखं होणार. नवरा गेला, पण आपल्याशी खरं बोलून गेला, एवढं समाधान त्यांच्यापाशी होतं. न सांगावं तर त्यांच्या लेखी मी ती बाई, जिला सगळं माहीत होतं आणि जिनं तरी जाऊ दिलं. घरचे म्हणाले, गेलेल्या माणसाचं उकरू नकोस, तुझं काय जातंय. माझं काय जातंय... मी काही दिवस गप्प राहून बघितलं. जमेल असंही वाटायला लागलं होतं. मग एका दुपारी वहिनींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या, धाकट्या दिराच्या मुलीचं बारसं वगैरे. ठेवता ठेवता म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. शेवटच्या सालाला तुमी बघितलं तवा कायच कमी दिसलं न्हाई का वो?" आवाजात आरोप नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. बिछान्यावर पडून त्या हेच घोळवत असणार, हे मला त्या आवाजावरून कळलं. मी म्हटलं, येते, समोर बसून सांगते.

त्या तुरी निवडत होत्या. मीही सुपात हात घातला, नुसतं बसून ते सांगता आलं नसतं. मी सगळं सांगितलं. रांगेत मी काय विचारायचे आणि तो काय म्हणायचा. गोळीनं नाडीचं काय होतं. मला त्यानं कधीच काही सांगितलं नव्हतं, डबा उघडला त्या दिवशी मला कळलं. वहिनींचे हात खडे वेचत राहिले. मग म्हणाल्या, म्हणजे तुम्हाला नाहीच सांगितलं. मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, आणि मला सांगितलं की सांगितलंय. मी म्हटलं, हो. मग त्या एकदम हसल्या, कोरडं, नाकातून. "दोघीच्याबी हातावर तुरी ठेवल्या की मग," म्हणाल्या, आणि समोरच्या सुपातल्या तुरी बघून त्यांना खरंच हसू फुटलं, मलाही फुटलं, आणि मग त्या पदर तोंडात धरून जे रडल्या ते मला ऐकवेना. तेरवीपर्यंत घरात इतकी माणसं होती, त्यांच्यापुढं त्या अशा रडल्या नव्हत्या. मीही रडले. बातमी आल्यापासून पहिल्यांदाच.

शांत झाल्यावर मी विचारलं की वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी मारोतीवर लिहायला सांगितलंय, हे सगळं लिहू का. नको म्हणाल तर फक्त मैदानातलं लिहीन. त्या म्हणाल्या, "लिवा. वाईट होते म्हणून लिवू नका. फसवलं म्हणून लिवा, ते खरं हाय. बंबावरच्या पोराईनं वाचलं तर एखादा तरी आपल्या बायकोला खरं सांगल." मग सूप बाजूला सारून त्यांनी आपलं मनगट माझ्यापुढं केलं. मला वाटलं, त्यांना स्वतःची नाडी बघून हवी आहे. मी बोटं ठेवली, ठोके जोरात पडत होते. त्यांनी मान हलवली. "माझी नगं. त्याईची कशी लागायची तुमच्या हाताला, तशी वाजवून दावा."

ते मला विचार न करता येत होतं. मी एका बोटानं त्यांच्या मनगटावर ठोका दिला, थांबले, दुसरा दिला, थांबले. संथ, एका लयीत, बाकड्यावरून उतरून तो समोर उभा राहायचा तेव्हा लागायची तशी. वहिनींनी डोळे मिटले. अशीच हो, म्हणाल्या, झोप लागली नाही की मी त्यांच्या छातीवर हात ठेवायची, तिथं अशीच लागायची. मी त्यांना सांगितलं, वहिनी, ही त्याची नव्हती, ही गोळीची होती. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "तुमी थांबू नका."